ध्यानाला बसता येत नसेल तर हातांना बसवा

एका वाचक बाईंनी लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय 41, राहणं बडोद्यात मांजलपूरला, नोकरी अलकापुरीत, अकाउंट्सची. ध्यानाचं ॲप तीनदा मोबाइलवर घेतलं, तीनदा काढून टाकलं. डोळे मिटले की उद्याच्या डब्याची भाजी आणि जीएसटीची तारीख समोर येते. घरी सासूबाई रोज पाऊण तास देवपूजा करतात आणि उठतात तेव्हा चेहरा निवांत असतो. त्याचा हेवा वाटतो. पण आपण देवधर्मातल्या नाही, त्यामुळे तेच करायला गेलं तर नाटक केल्यासारखं होतं. तर रोजच्या धबडग्यात बसतील असे पाच-सहा साधे विधी सांगा.

पाच-सहा नाही सांगणार. एक सांगेन, आणि तोही शेवटाकडे, कारण आधी थोडं सासूबाईंबद्दल बोलायचं आहे.

त्या पाऊण तासात त्यांना काय मिळतं, कधी विचारलंत? मी माझ्या सासूबाईंना विचारलं होतं. मला वाटलं, भक्ती वगैरे म्हणतील. त्या म्हणाल्या, "तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही." घरातली बाई पूजेला बसली की नवरा आपले मोजे आपण शोधतो, मुलं पाण्याची बाटली आपली आपण भरतात, दारावर आलेल्याला "आई पूजेत आहे" एवढं सांगून परत पाठवता येतं. सोवळ्याचे बाकीचे अर्थ काय असतील ते असोत (आणि त्यातले काही वाईटच होते), पण दिवसभर सगळ्यांच्या हाताशी असलेल्या बाईभोवती एक रेघ ओढायचं काम त्याने केलं. ॲपला ती रेघ ओढता येत नाही. तुम्ही हेडफोन लावून बसलात तर घराला वाटतं, मोबाइलच तर बघतेय, हाक मारायला काय हरकत आहे.

म्हणून पहिला मुद्दा विधीचा नाहीच, रेघेचा आहे. ती कशी ओढायची ते पुढे सांगते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बडोद्यात या कामाला 28 वर्षं झाली. लोक आम्हाला फिजिओथेरपीची धाकटी बहीण समजतात. हात हलायला लागला की त्या हाताने शर्टाचं बटण कसं लावायचं, पोळी कशी लाटायची, हे आमचं खातं. आपल्याकडे हे शास्त्र रुजवलं कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. 1950 साली त्यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात याची पहिली शाळा सुरू केली. त्यामागचा विचार साधा आहे: माणसाच्या रोजच्या कामातच त्याचं औषध असतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही त्याच वळणावर जाणार, हे आधीच कबूल करते. योगशिक्षकाला विचाराल तर तो वेगळं सांगेल, आणि तेही चूक नसेल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दांडिया बाजारातले एक काका माझ्याकडे यायचे. निवृत्त शिक्षक, अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झालेले, उजवा हात कमजोर. मी त्यांना खुंट्यांची पाटी द्यायचे. भोकांत खुंट्या बसवायच्या, काढायच्या, परत बसवायच्या. तीन दिवस त्यांनी केलं. चौथ्या दिवशी पाटी डाव्या हाताने सरकवून दिली आणि म्हणाले, "अगं, मला परत बालवाडीत घातलंस का?" मी समजावलं, बोटांना गरज आहे वगैरे. त्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. शिक्षक माणूस, वर्गात कंटाळलेली मुलं काय करतात ते त्यांना चांगलं ठाऊक.

दुसऱ्या दिवशी काकू घरून सहाण घेऊन आल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सहाणेवर पळीभर पाणी घातलं, चंदनाचं खोड काकांच्या उजव्या मुठीत दिलं, वरून त्यांचाच डावा हात ठेवला. पहिले दोन-तीन वेढे खोड नुसतंच घसरलं. मग खरखर सुरू झाली. कोरडी असताना ती खरखर कानाला टोचते, पाणी मुरलं की मऊ पडते, आणि गंध दाटत आलं की जवळजवळ ऐकूच येत नाही. काका ते ऐकत होते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. कडेला पिवळसर गंध गोळा झालं. ते बोटाने निपटून वाटीत घेताना अनामिका आणि अंगठा एकत्र आले, जे माझ्या खुंट्यांनी तीन दिवसांत झालं नव्हतं. मधेच थांबून ते म्हणाले, "खोड भिजलं की जड लागतं, नाही?" चार महिन्यांत आजार सोडून दुसऱ्या कशाबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले शब्द, असं काकूंनी मला नंतर जिन्यात सांगितलं.

हात पूर्ण सुधारला नाही, तेही सांगायला हवं. पण गंध उगाळणं त्यांनी सोडलं नाही. आणि मला माझ्याच कामाबद्दल एक गोष्ट समजली. खुंट्यांच्या पाटीत आणि सहाणेत बोटांची हालचाल फारशी वेगळी नाही. पण पाटीला आवाज नाही, वास नाही, आणि मुख्य म्हणजे ते काम कुठे संपतं ते कळत नाही. सहाणेवर वाटी भरली की झालं. मनाला थांबायला जागा लागते. तुम्ही डोळे मिटून "आता विचार करायचा नाही" म्हणता, तेव्हा मनाला धरायला काहीच देत नाही आणि कधी सुटायचं तेही सांगत नाही. मग ते डब्याच्या भाजीकडे जाणार, नाहीतर कुठे जाईल?

आमच्या अभ्यासात सवय, क्रम आणि विधी असे तीन वेगळे शब्द आहेत. सवय म्हणजे न कळत होणारं. ब्रश कुठून सुरू केला, आठवत नाही. क्रम म्हणजे उठणं, चहा, आंघोळ, डबे. विधी तो, ज्याला करणाऱ्याच्या लेखी काही अर्थ असतो. मराठीत या तिसऱ्यासाठी मला 'नेम' हा शब्द जास्त आवडतो. रोजचा नेम म्हणतो आपण, आणि बाण सोडण्याआधी जो धरायचा तोही नेमच.

आता गोम इथे आहे. लोक सांगतात, एकवीस दिवस करा, सवय लागेल. एकवीसचा आकडा कुठून आला असेल तो असो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला 2010 साली छापून आलेला एक अभ्यास आहे, 96 जणांवरचा. त्यांना रोज एक छोटी गोष्ट करायला सांगितली आणि ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सरासरी 66 दिवस निघाली, पण कुणाला 18 लागले तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, असंही दिसलं. म्हणजे तीनदा ॲप काढलंत यात तुमचा आळस नाही, घाई आहे.

पण समजा लागली सवय. पुढे? सवय लागणं म्हणजेच लक्ष न देता होणं. आपल्याला तर लक्ष हवं आहे! हा पेच मी फार उशिरा पाहिला. वर्षानुवर्षं पूजा करणारी माणसं एका हाताने घंटी वाजवत दुसऱ्या हाताने व्हॉट्सॲप उघडतात, ती काही नास्तिक झालेली नसतात. त्यांची पूजा सवय होऊन बसलेली असते. सवय तुम्हाला पाटापर्यंत आणून बसवते, तिचं काम तेवढंच. पाटावर बसल्यानंतरचं लक्ष रोज नव्याने आणावं लागतं, त्याचा साठा करता येत नाही. म्हणून कामात थोडी अडचण असलेली बरी. ठिपक्यांची रांगोळी रोज तीच काढली तर हात चालतो आणि मन बाजारात जातं. ठिपके बदलले की मन परत अंगणात येतं.

विनोबांची एक आठवण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, बडोद्याचेच ते. मूळ गाव गागोदे, पण वडील बडोद्यात नोकरीला, त्यामुळे शिक्षण इथलं. 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या आईने देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता, एकेक दाणा मोजून. वडिलांनी सुचवलं की एक तोळा तांदळात किती दाणे बसतात ते मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ, वर अर्धा तोळा जास्त घाल म्हणजे कमी पडायची भीती नको. हिशेब चोख होता. वडील रसायनं आणि रंगांच्या कामातले, मोजमापाचे पक्के. आईला उत्तर सुचेना, तिने मुलाला विचारलं. विनोबांचं म्हणणं पडलं की हे गणिताचं काम नाही, एकेका दाण्यागणिक चित्त देवाकडे लागायचं आहे, तेव्हा मोजूनच वाहा.

तुम्ही अकाउंट्समधल्या, म्हणून मुद्दाम सांगितली. तुमचं डोकं दिवसभर वडिलांच्या पद्धतीने चालतं आणि तसंच चालायला हवं, नाहीतर पगार कोण देईल. दिवसातली दोन मिनिटं आईच्या पद्धतीची असली म्हणजे झालं. देव मानायचा की नाही हा तुमचा प्रश्न. दाणा तर खरा आहे.

परदेशात याच गोष्टीला मोठं शास्त्रीय रूप मिळालं ते 1979 साली. जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या लोकांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यातला सुरुवातीचा पाठ म्हणजे एक बेदाणा खाणे. हातात घ्यायचा, बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, मग सावकाश चावायचा. मी हे पहिल्यांदा प्रशिक्षणात केलं तेव्हा मला आजोबा आठवले. ताटाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून, श्लोक म्हणून मग पहिला घास. आम्ही पोरं भुकेने चुळबुळत असायचो आणि आजोबांची घाई काही केल्या व्हायची नाही. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं, असला नाही, कृपा करून तसं फॉरवर्ड करू नका. एवढंच की तुमच्या घरात या वस्तू आणि या हालचाली आधीच आहेत, नवं सामान आणायला नको.

श्वासाचंही तसंच. मोठं माणूस बसल्या बसल्या मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतं. लुचानो बर्नार्दी या इटालियन डॉक्टरांच्या गटाने 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक गंमतशीर अभ्यास छापला. ख्रिश्चनांची लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. मुद्दाम कुणी श्वास लांबवला नव्हता, ओळच तेवढी लांब होती. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित सावकाश पडतात. मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास सोडा, कित्येकांना ते बोटाला कळतं. संध्याकाळी दिव्यापुढे मुलांना मोठ्याने परवचा म्हणायला लावायचे, त्यात पाढे पाठ व्हायचे हे खरंच, पण खेळून तापलेली पोरंही निवायची.

"पण माझं मन कोरं होतच नाही," असं तुम्ही दोनदा लिहिलंय. मन कोरं करण्याची बडोद्यातली एक प्रसिद्ध हकीकत आहे. अरविंद घोष, तेरा वर्षं इथल्या नोकरीत असलेले, 1908 च्या जानेवारीत सुरत काँग्रेसनंतर इथे आले असताना विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर एका वाड्याच्या माडीवर बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार आत तयार होत नाहीत, बाहेरून येतात, येताना दिसले की आत शिरायच्या आधी परतवायचे. तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं अरविंदांनी पुढे स्वतःच सांगितलं. ते अरविंद होते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी 28 वर्षांत एकाचंही तीन दिवसांत झालेलं नाही, माझं स्वतःचं तर नाहीच. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की मन गेलं, गेल्याचं लक्षात आलं, परत आणलं. अर्ध्या मिनिटात सहा वेळा गेलं तर सहा वेळा आणायचं. कसरत तीच आहे. डंबेल खाली येतो म्हणून कुणी व्यायामशाळेत रडत नाही.

आता तुमचा नेम. तुम्ही लिहिलंय की घरात झोपाळा आहे आणि त्यावर हल्ली इस्त्रीचे कपडे असतात. ते कपडे आधी हलवा. बडोद्याच्या घरात झोपाळा असून त्यावर कपडे ठेवायचे, हा गुन्हा आहे.

ऑफिसातून आल्यावर चपला काढल्या, हातपाय धुतले, की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपाळ्यावर बसायचं. चहाच्या आधी. पाठ टेकलेली चालेल, डोळे उघडे. एका पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकं रेटायचं आणि पाय उचलायचा. रेटा देताना फरशीचा गारवा तळव्याला कळतो, तो कळू द्यायचा. झोका मागे जाताना श्वास आपोआप येतो, पुढे येताना सुटतो. नाही जुळलं तर जुळवू नका. मोजायचे फक्त झोके, वीस. मन भटकून आकडा हरवला तर जो शेवटचा आठवतो तिथून पुढे. एकपासून परत सुरू करायचं नाही, कारण त्याने शिक्षेची भावना येते आणि तुमच्यासारख्या काटेकोर माणसांना शिक्षेची फार आवड असते. वीस झाले की दोन्ही पाय टेकवून झोपाळा थांबवायचा, कड्या हाताने धरून उठायचं. झालं. दोन मिनिटंही लागणार नाहीत.

आणि रेघ. घरात एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकायचं: मी झोपाळ्यावर असेपर्यंत हाक मारायची नाही. ध्यान, मनःशांती असले शब्द वापरलेत तर चेष्टा होईल. "माझे वीस झोके" म्हणा. सासूबाई तुमच्या बाजूने असतील, माझा अंदाज आहे. त्यांना त्या रेघेची किंमत घरात सगळ्यात जास्त माहीत आहे. पहिले काही दिवस मुलं येऊन शेजारी बसतील. बसू द्या, बोलायचं नाही एवढी अट घाला. माझ्या एका पेशंटच्या घरी आता नवराही येऊन बसतो, आणि तो गप्प बसतो हाच तिला मोठा फायदा वाटतो.

मान, कान किंवा चक्करीचा त्रास असेल तर झोपाळा नको. मग चहा घ्या. आलं ठेचण्यापासून गाळण्यापर्यंत ओट्याशी उभं राहायचं, दूध वर येताना बघायचं, मधे दुसरं काम करायचं नाही. कपड्यांच्या घड्या, फुलवाती, दाराचं कुलूप, काहीही चालतं. हाताला काम, कानाला किंवा नाकाला काहीतरी, आणि कळेल असा शेवट, एवढं असलं की पुरे. दोन नेम एकदम धरू नका. मी एके वर्षी दिवाळीच्या पाडव्याला नऊ संकल्पांची यादी फ्रिजवर लावली होती. देवदिवाळीला त्या कागदामागे किराणाची यादी लिहिली.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे. झोप किंवा भूक दोन आठवडे गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर झोके मोजत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्या आजाराला औषध आहे, समुपदेशन आहे. दुसरी गोष्ट मंत्रचळाची. नेम चुकला तर थोडी चुटपुट लागते, दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा बसतो. पण विसाच्या जागी एकोणीस झाले म्हणून काहीतरी वाईट घडेल अशी भीती वाटू लागली, कुलूप लावलंय हे माहीत असून पाच वेळा जिना चढावा लागला, तर तो नेम राहिलेला नाही. तेव्हा मोजणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. डोळे मिटून शांत बसल्यावर ज्यांना जुने भयंकर प्रसंग आठवून घाबरायला होतं, त्यांनाही मी उघड्या डोळ्यांनी हाताचंच काम देते.

सोमवारपासून नका सुरू करू, सोमवारी तुमच्या ऑफिसात काय असतं ते मला माहीत आहे. बुधवार बरा. आणि झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत असतील तर इतक्यात तेल घालू नका. मोजायला तो आवाज फार उपयोगी पडतो. महिनाभर तरी राहू दे. नंतर सासूबाई ऐकणारच नाहीत.